अलेक्झांडर ग्रॅहम बेल व न सांपडलेली गोळी

गेल्या हिवाळ्यांतली गोष्ट. पालम तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचें शेत आहे. तेथें कापूस वेंचतांना घरच्या सूनबाईंच्या गळ्यांतील पोत तुटली व डोरलें कोठें तरी पडलें. चार दिवस घरच्या सर्वांनीं मिळून पऱ्हाटीचा तास नि तास पाहिला. पण काळ्या रानांत पडलेली एवढीशी वस्तु डोळ्यांस कशी दिसावी? शेवटीं एका नातलगानें शहराहून धातुशोधक यंत्र आणविलें. हातांत धरावयाची एक काठी, तिच्या टोंकास ताटलीसारखें तारेचें वेटोळें, आणि कानांवर चढवावयाचा हेडफोन, एवढाच त्याचा थाट. वेटोळें जमिनीवरून फिरवावयाचें. खालीं धातु असेल तर कानांत आवाज व्हावयाचा. परंतु झालें असें कीं, यंत्र पावलापावलाला गुणगुणूं लागलें. आपली काळी जमीन ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली. तिच्यांत लोहयुक्त कण भरपूर. यंत्राला सारें रानच धातूचें भासूं लागलें. मग त्या गृहस्थांनीं पेटींतून दुसरें, नवें वेटोळें काढलें. ह्यांत दोन वेटोळीं एकमेकांवर थोडींशीं चढवून बसविलेलीं होतीं. तें लावतांच गुणगुण पुष्कळच थांबली.

तरीहि डोरलें मिळेना. सूनबाई दुपारीं बांधावरच्या बाभळीखालीं भाकरी खावयास बसल्या होत्या, तेव्हां पोत तेथेंच तुटली असली पाहिजे, असें वडीलधाऱ्यांचें ठाम मत पडलें. म्हणून दोन दिवस यंत्र बाभळीभोंवतींच फिरत राहिलें. तिसऱ्या दिवशीं घरांतील एका मुलाच्या हट्टामुळें तें शेताच्या दुसऱ्या टोंकास नेलें, आणि तेथें जमिनीच्या एका भेगेंत, चार बोटें खोल, डोरलें सांपडलें.

ही हकीकत वर्गांत निघाली तेव्हां मुलांनीं साहजिकच विचारलें कीं, असलें यंत्र पहिल्यानें कोणाच्या हातीं होतें? ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना टेलिफोनच्या जनकाचें नांव घ्यावें लागतें, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. टेलिफोनची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु एका उन्हाळ्यांत, एका मरणोन्मुख माणसाच्या उशाशीं, हाच संशोधक एक नवें वेटोळें घेऊन उभा होता, आणि त्या खोलींतून तो यश न घेतां परतला, ही कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. म्हणून हें चरित्र.

अलेक्झांडर बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं झाला. ग्रॅहम हें मधलें नांव त्यांस जन्मतः मिळालेलें नव्हतें. तें त्यांना अकराव्या वाढदिवशीं मिळालें. घराणें वाणीचा व्यवसाय करणारें. आजोबा व वडील दोघेहि शुद्ध उच्चार शिकविणारे शिक्षक. वडील मेलव्हिल बेल यांनीं तर जीभ, ओंठ व कंठ यांच्या हालचाली चिन्हांनीं दाखविणारी एक लिपि तयार केली होती, व तिच्या योगें कोणत्याहि भाषेचा उच्चार कागदावर उतरवितां येई. अशा ह्या घरांत आईला मात्र ऐकूं येणें हळूहळू बंद होत चाललें होतें. इतर लोक तिच्याशीं कानांतील नळींतून मोठ्यानें बोलत. अलेक्झांडर तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन अगदीं हलक्या व खोल आवाजांत बोले, आणि तें तिला उमजे. आवाज म्हणजे केवळ कानांत शिरणारी वस्तु नव्हे, तो एक कंप आहे, हें ज्ञान ह्या मुलास पुस्तकापूर्वीं आईच्या कपाळापाशीं झालें. वडिलांच्या उत्तेजनानें त्यानें व त्याच्या थोरल्या भावानें मिळून एक कृत्रिम डोकें बनविलें होतें. त्याला घसा, जीभ व ओंठ होते, आणि भात्यानें वारा घालतांच तें लहान मुलासारखें आईला हांक मारी.

पुढें ह्या घरावर मोठें संकट आलें. १८६७ सालीं धाकटा भाऊ क्षयानें गेला व १८७० सालीं थोरलाहि त्याच रोगानें गेला. उरलेल्या एकुलत्या मुलाची प्रकृति पाहून आईबापांनीं स्वदेश सोडला व ते कॅनडांतील ब्रँटफर्ड गांवीं जाऊन राहिले. १८७१ सालीं बेल बोस्टन येथें बधिर मुलांना बोलावयास शिकविण्यासाठीं गेले, आणि ते जन्मभर स्वतःस प्रथम बधिरांचा शिक्षक समजत आले. मेबल हबर्ड नांवाची एक मुलगी त्यांच्याकडे शिकावयास येई. पांचव्या वर्षीं ताप येऊन तिची श्रवणशक्ति गेली होती. १८७७ च्या जुलैमध्यें तिच्याशींच त्यांचा विवाह झाला. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. बधिरांनीं हातांच्या खुणांची भाषा सोडून ओंठ वाचावे व तोंडानें बोलावें, असा बेल यांचा आग्रह असे. त्या आग्रहापायीं पुष्कळ शाळांतून खुणांच्या भाषेची उपेक्षा झाली, व आजहि बधिर लोकांत त्याबद्दल नाराजी आहे. ज्या मनुष्यानें एवढें प्रेम केलें त्याच्याच हातून ही चूक घडली.

टेलिफोनाविषयीं येथें दोनच तारखा देतों. ७ मार्च १८७६ रोजीं त्यांस टेलिफोनचा पेटंट मिळाला, व १० मार्च रोजीं बोस्टनच्या एका घरांत, दुसऱ्या खोलींत बसलेल्या वॉट्सन नांवाच्या सहकाऱ्यास तारेवाटे त्यांचे शब्द स्पष्ट ऐकूं आले. आमच्या कथेस उपयोगी पडणारी गोष्ट त्यानंतरची आहे. विवाहानंतर बेल इंग्लंडास गेले असतां एक अडचण पुढें आली. टेलिफोनची तार दुसऱ्या तारांच्या शेजारून गेली कीं, त्या तारांतील प्रवाहाचे आवाज टेलिफोनमध्यें उमटूं लागत. एका तारेंतील बदलत्या प्रवाहामुळें शेजारच्या, न जोडलेल्या तारेंतहि प्रवाह उत्पन्न होतो. हा नियम फॅरडे यांनीं १८३१ सालींच दाखवून दिला होता. त्यावर उपाय शोधतांना बेल यांनीं तारेचीं दोन चपटीं वेटोळीं घेतलीं. एकांत चालूबंद होणारा प्रवाह सोडला, दुसरें टेलिफोनला जोडलें, आणि एक दुसऱ्यावर सरकवीत नेलें. पूर्णपणें एकावर एक असतां आवाज मोठा. पण थोडेंसें बाजूस सरकविल्यावर अशी एक जागा सांपडे कीं, तेथें टेलिफोन अगदीं मूक होई. कारण त्या जागीं वेटोळ्याच्या एका भागांत उत्पन्न होणारा प्रवाह दुसऱ्या भागांतील प्रवाहास तंतोतंत खोडून काढी. अशा मौनाच्या वेळीं जवळ धातूचा तुकडा आणला, तर तोल ढळून टेलिफोन पुन्हां बोलूं लागे. बेल यांनीं हें पाहिलें आणि बाजूस ठेवून दिलें. त्या वेळीं त्यांना आवाज घालवावयाचा होता, धातु शोधावयाचा नव्हता.

ह्याच तत्त्वावर लंडनचे डेव्हिड ह्यूज यांनीं १८७९ सालीं चार वेटोळ्यांचें एक यंत्र तयार केलें. त्याला प्रवर्तनाचा तराजू म्हणावें. दोन्ही बाजू समतोल असल्या कीं शांतता. एका बाजूस नाणें ठेवलें कीं आवाज. खऱ्या व खोट्या नाण्यांतील फरकहि ह्या तराजूस कळे.

आतां १८८१ सालाकडे येऊं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे विसावे अध्यक्ष जेम्स गार्फील्ड यांनीं त्या वर्षीं ४ मार्च रोजीं अधिकार ग्रहण केला. ओहायो प्रांतांतील एका लांकडी झोपडींत जन्मलेला, बापाविना वाढलेला व स्वतःच्या कष्टानें विद्वान् झालेला हा पुरुष. चार महिनेहि झाले नव्हते तोंच, २ जुलै रोजीं सकाळीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत चार्ल्स गिटो नांवाच्या एका विक्षिप्त माणसानें त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडास चाटून गेली. दुसरी पाठींत उजव्या बाजूनें शिरली आणि आंत कोठें तरी राहिली.

ती कोठें राहिली, हा प्रश्न सर्व राष्ट्राचा प्रश्न होऊन बसला. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चवदा वर्षें अवकाश होता. गोळी शोधण्याचें साधन म्हणजे डॉक्टरांचें बोट आणि धातूची सळई. स्टेशनांतील जमिनीवर अध्यक्ष पडलेले असतांनाच न धुतलेलीं बोटें जखमेंत घालण्यांत आलीं. जखमेंत घालावयाचीं हत्यारें व हात जंतुनाशक द्रव्यांनीं शुद्ध केले पाहिजेत, हें लिस्टर यांनीं १८६७ पासून सांगितलें होतें. परंतु अमेरिकेंतील पुष्कळ नामांकित वैद्यांना तें पटलेलें नव्हतें. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांचें मत असें झालें कीं, गोळी उजव्या बाजूसच, पोटाच्या खालच्या अंगास उतरली आहे. हें मत एकदां जाहीर झालें तें कायमचें झालें.

बेल त्या वेळीं चौतीस वर्षांचे होते. फ्रान्सनें दिलेल्या पन्नास हजार फ्रँकांच्या व्होल्टा पारितोषिकांतून त्यांनीं वॉशिंग्टन येथें एक प्रयोगशाळा काढली होती, व सम्नर टेंटर हे कुशल कारागीर तेथें त्यांचे सहकारी होते. गोळी झाडल्याची वार्ता आली तेव्हां बेल बोस्टनकडे होते. घरीं दोन लहान मुली, आणि पत्नी पुन्हां गर्भवती. डॉक्टर अंधारांत चाचपडत आहेत हें वाचून त्यांच्या मनांत इंग्लंडांतील तीं दोन मुकीं वेटोळीं जागीं झालीं असलीं पाहिजेत. शिशाची गोळीहि धातूच आहे; नाण्यानें तोल ढळतो तर गोळीनें कां ढळूं नये? जुलैच्या मध्यास ते वॉशिंग्टनला आले, आणि टेंटर व ते रात्रंदिवस कामास लागले. ज्योतिषशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनींहि विजेच्या साहाय्यानें गोळी शोधण्याची कल्पना पुढें मांडली होती. लंडनहून ह्यूज व इतर शास्त्रज्ञ सूचना पाठवीत होते. काम एकट्याचें नव्हतें.

मित्रहो, हें काम किती नाजूक होतें तें पाहा. शिसें हा धातु ह्या यंत्राच्या दृष्टीनें मंद. तांब्याचा वा चांदीचा तेवढाच तुकडा त्याला कितीतरी अधिक चटकन् कळतो. शिवाय गोळी कांहीं इंच खोल, आणि रोगी इतका क्षीण कीं त्याला हलविणेंहि कठीण. बेल यांनीं वेटोळ्यांचा आकार बदलून पाहिला, तारेची जाडी बदलली, बॅटरी वाढविली. गोळी मुठींत धरून, तोंडांत धरून, ओल्या कोंड्याच्या पिशवींत ठेवून, मांसाच्या तुकड्यांत खुपसून प्रत्येक वेळीं किती अंतरावरून आवाज येतो तें मोजलें. अंतर्गत युद्धांत शरीरांत गोळी राहून गेलेले जुने शिपाई वॉशिंग्टनांत पुष्कळ होते. त्यांच्यावरहि प्रयोग झाले. यंत्रांत कंडेन्सर घातला तेव्हां आवाज अधिक स्पष्ट झाला, आणि आशा वाढली.

२६ जुलै १८८१. संध्याकाळीं बेल व टेंटर यंत्र घेऊन अध्यक्षांच्या निवासांत गेले. उकाडा असह्य होता. खोली गार ठेवण्यासाठीं नौदलाच्या इंजिनियरांनीं बर्फावरून वारा आणणारें एक यंत्र बसविलें होतें. प्रवाह तोडणाऱ्या यंत्राची खटखट रोग्यास होऊं नये म्हणून तें व बॅटरी बाजूच्या खोलींत ठेवून तारा आंत आणल्या. टेलिफोन कानाशीं धरून बेल उभे राहिले आणि वेटोळें अध्यक्षांच्या अंगावरून फिरूं लागलें. पण आज यंत्र मूक होईना. कानांत सारखा तडतड आवाज. प्रयोगशाळेंत जें यंत्र कांहीं इंचांवरची गोळी ओळखीत होतें, त्याची शक्ति येथें अर्धीहि राहिली नव्हती. निराश होऊन परतल्यावर त्यांनीं एकेक जोड तपासला, तेव्हां कळलें कीं घाईंत कंडेन्सर चुकीचा, एकाच बाजूस, जोडला गेला होता. एवढी रात्रंदिवसाची तपश्चर्या, आणि एका तारेच्या टोंकानें ती फुकट घालविली! ज्या विद्यार्थ्यांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंत जोडणी चुकवून तास घालविला असेल, त्यांना ह्या रात्रीची थोडी कल्पना येईल. मात्र त्यांच्या टेबलावर कोणाचा प्राण नसतो.

१ ऑगस्ट रोजीं दुसरी परीक्षा झाली. ह्या वेळीं यंत्र दुरुस्त होतें. परंतु वेटोळें फिरवावयाचें तें उजव्या बाजूसच, कारण गोळी उजव्या बाजूस आहे हें आधींच ठरलेलें! डॉक्टर ज्या ठिकाणीं गोळी असल्याचें सांगत होते, त्याच्या आसपास बेल यांना क्षीण असा आवाज ऐकूं आला. पण तो एका बिंदूपाशीं नव्हता, बऱ्याच विस्तृत जागेवर सारखाच येत होता. गोळीचा आवाज असा पसरट नसतो. डॉक्टरांना मात्र तेवढें पुरे झालें. यंत्रानें आमच्या मताची खात्री केली, असें जनतेस कळविण्यांत आलें.

बेल यांचें मन स्वस्थ होईना. दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां गेले आणि पलंगाजवळ दुसरा कोणता धातु होता काय, याची चौकशी केली. तेव्हां त्यांना समजलें कीं, वरच्या केंसाळ गादीखालीं पोलादी तारांच्या जाळीची दुसरी गादी आहे. स्प्रिंगच्या गाद्या त्या काळीं नव्या होत्या, आणि ह्या खोलींत ती असेल हें कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. पुष्कळ लेखक सर्व अपयशाचा दोष ह्या गादीच्या माथीं मारून मोकळे होतात. आमच्या मतें हें पुरेसें नाहीं. जाळी सर्व पलंगभर होती; तिचा आवाज अमुक एका भागांतच कां यावा, हा प्रश्न स्वतः बेल यांनाहि पडला होता. बाभळीखालीं दोन दिवस फिरणाऱ्या यंत्राचा काय अपराध? जेथें वस्तु नाहीं तेथें तें वस्तु दाखवूं शकत नाहीं, एवढाच.

ऑगस्टमध्यें बेल यांना पत्नीकडे परत जावें लागलें. तेथेंहि त्यांनीं बोस्टनच्या जुन्या कारखान्यांत यंत्राची सुधारणा चालूच ठेवली. १५ ऑगस्ट रोजीं त्यांस मुलगा झाला. तो अकालीं जन्मला होता. त्याला श्वास घेतां येईना, आणि कांहीं तासांतच तो गेला. त्याचें नांव एडवर्ड ठेवलें होतें. क्षयानें गेलेल्या धाकट्या भावाचेंहि हेंच नांव. ह्या दुःखांतून बेल यांनीं दुसरें एक यंत्र काढलें. छातीभोंवतीं बसणारें पत्र्याचें जाकीट, व त्यांतील हवा पंपानें कमीअधिक करून फुप्फुसांस श्वास घेण्यास भाग पाडावयाचें, अशी ती योजना होती. पुढें पक्षाघातानें श्वास बंद पडलेल्या रोग्यांसाठीं जीं मोठीं श्वसनयंत्रें निघालीं, त्यांच्या मुळाशीं हीच कल्पना दिसते. १८८३ सालीं झालेला दुसरा मुलगाहि त्यांना लाभला नाहीं.

इकडे अध्यक्ष खंगत चालले. ६ सप्टेंबरला त्यांस समुद्राच्या हवेसाठीं न्यू जर्सीमधील एल्बेरन येथें हलविलें, आणि तेथें १९ सप्टेंबर १८८१ रोजीं रात्रीं त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनांत गोळी सांपडली. ती पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागें होती. उजवीकडून शिरून, एका मणक्यास छेदून ती पलीकडे गेली होती, आणि शरीरानें तिच्याभोंवतीं आपलें वेष्टन करून तिला निरुपद्रवी करून टाकलें होतें. डॉक्टर ज्याला गोळीची वाट समजत होते, ती उजव्या बाजूची लांब पोकळी पुवानें झालेली होती. अध्यक्षांचा प्राण गोळीनें नव्हे, तर जखमेंत शिरलेल्या जंतूंनीं घेतला, असें आजचे बहुतेक वैद्य व इतिहासकार मानतात. गिटो यास ३० जून १८८२ रोजीं फांशी झाली.

मग बेल यांच्या यंत्रानें काय साधलें असतें? गोळी काढणें त्या काळच्या शस्त्रक्रियेस बहुधा झेपलेंच नसतें. पण उजव्या बाजूस स्पष्ट आवाज न येणें, हेंच मुळीं एक उत्तर होतें. यंत्र आपल्या परीनें सांगत होतें कीं, येथें गोळी नाहीं. तें ऐकलें असतें तर त्या बाजूस सळया घालण्याचें तरी थांबलें असतें. यंत्रापासून आपण सर्वजण होकाराची अपेक्षा करतों, आणि त्याच्या नकारास अपयश म्हणतों. ब्लिस यांस एकट्यासच दोष द्यावा असें नाहीं.

बेल यांनीं काम टाकलें नाहीं, हें विशेष. ज्याच्यासाठीं तें यंत्र केलें तो रोगी गेला होता, पोटचा मुलगा गेला होता, आणि कोणी विचारावयास येणार नव्हतें. तरी १८८१ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें शरीरांत जुन्या गोळ्या असलेल्या लोकांवर त्यांनीं पुन्हां परीक्षा घेतल्या, आणि ह्या वेळीं यंत्रानें गोळ्यांचा पत्ता बरोबर लावला. पुढच्या वर्षीं माँट्रियल येथील विद्वत्परिषदेंत त्यांनीं ह्या प्रयोगांचा सविस्तर निबंध वाचला. त्यांत चुकीचा कंडेन्सरहि आहे आणि पोलादी गादीहि आहे. लपविलेलें कांहीं नाहीं. यशस्वी म्हणून जें वेटोळें त्यांनीं वर्णिलें तें नवें असें नव्हतें. इंग्लंडांत पूर्वीं हातीं आलेलें, एकमेकांवर थोडीं चढविलेलीं दोन चपटीं वेटोळीं, तेंच तें. आजच्या शोधकयंत्रांत ह्यालाच डबल डी म्हणतात. दोन इंग्रजी डी अक्षरें पाठीस पाठ लावून, मधल्या पट्टींत एकमेकांवर सरकवावीं तशी त्याची आकृति असते, व लोहमिश्रित जमिनींत तें अधिक शांत राहतें. आपल्या काळ्या रानांत तेंच उपयोगी पडलें.

ह्याच प्रयत्नांतून त्यांनीं शस्त्रवैद्यांसाठीं एक टेलिफोनी सुई तयार केली. सुई व त्वचेवर ठेवलेली धातूची पट्टी टेलिफोनला जोडावयाची. सुईचें टोंक गोळीस लागलें कीं कानांत टिक् असा आवाज येई, हाडास लागलें तर येत नसे. न्यूयॉर्कचे डॉक्टर गर्डनर यांनीं तिचा व्यवहारांत उपयोग केला. हायडेलबर्ग विश्वविद्यालयानें १८८६ सालीं बेल यांस वैद्यकाची सन्मान्य पदवी दिली. १८९५ सालीं राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, आणि रुग्णालयांतील ह्या दोन्ही साधनांचें काम संपत आलें.

वेटोळें मात्र रुग्णालयांतून बाहेर पडून शेतांत, रस्त्यांत व रणांगणांत गेलें. कॅलिफोर्नियांत गेरहार्ड फिशर यांनीं १९३१ च्या सुमारास हातांत धरून फिरवितां येईल असें धातुशोधक यंत्र विक्रीस आणलें. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचे अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनीं जमिनींत पुरलेले सुरुंग शोधणारें यंत्र तयार केलें. १९४२ सालीं एल अलामेनच्या लढाईपूर्वीं अशीं पांचशें यंत्रें ब्रिटिश सैन्यास मिळालीं, आणि वाळूंतील सुरुंगांतून वाटा मोकळ्या करण्याचें काम दुपटीनें वेगानें होऊं लागलें. विमानतळावरील जी चौकट ओलांडून आपण जातों, तिच्या बाजूंसहि हींच वेटोळीं लपलेलीं असतात. जातां जातां पालकांसाठीं एक सूचना: नांगरतांना वा अशा यंत्रानें शोधतांना जमिनींत पुरलेलें जुनें धन हातीं लागलें, व त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरांस कळविणें प्राप्त असतें. सूनबाईंचें डोरलें अर्थातच त्यांचेंच होतें.

बेल यांचें उत्तरायुष्य कॅनडांतील नोव्हा स्कॉशिया प्रांतीं, बॅडेक गांवाजवळच्या टेंकडीवरील घरीं पुष्कळसें गेलें. पतंग, विमानें, पाण्यावर तरंगत धांवणाऱ्या होड्या, मेंढ्यांची पैदास, असे अनेक नाद त्यांनीं केले. १८८६ सालीं एक गृहस्थ आपली सहा वर्षांची आंधळी व बहिरी मुलगी घेऊन सल्ल्यासाठीं त्यांच्याकडे आले होते. बेल यांनीं त्यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेचा मार्ग दाखविला, व तेथून तिला शिक्षिका मिळाली. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें आत्मचरित्र तिनें बेल यांनाच अर्पण केलें आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं बॅडेक येथें बेल निवर्तले. अखेरच्या घटकेस मेबलबाई जवळ होत्या. ४ ऑगस्ट रोजीं त्यांचा देह त्याच टेंकडीवर पुरण्यांत आला, आणि त्या वेळीं एक मिनिटभर उत्तर अमेरिकेंतील सर्व टेलिफोन बंद ठेवण्यांत आले होते.